न्हाणीघरांतील व्हिनाईलची जमीन : ती कोठें वापरावी व कशी बसवावी

घर बांधतांना किंवा जुन्या घराची दुरुस्ती करतांना आपण शेतकरी लोक माडी, ओसरी, देवघर व धान्याची कोठी यांचा विचार आधीं करतों. न्हाणीघराचा विचार सर्वांच्या शेवटीं, उरलेल्या जागेंत व उरलेल्या पैशांत करतों. वस्तुतः घरांतील ज्या जागेवर दररोज सर्वांत अधिक पाणी पडतें, जेथें म्हातारीं माणसें व लहान मुलें ओल्या पायांनीं वावरतात, आणि जेथील ओल हळूहळू शेजारच्या भिंतींच्या पायांत उतरते, अशी जागा न्हाणीघर हीच होय. वाडवडिलांच्या वेळीं न्हाणी परसांत असे व तिचें पाणी अळूच्या किंवा केळीच्या आळ्यांत जाई. त्यामुळें तेथील ओलीचा उपद्रव राहत्या घरास होत नसे. आतां न्हाणीघर निजावयाच्या खोलीस लागून आलें आहे. तेव्हां त्याच्या जमिनीविषयीं पूर्वींपेक्षां अधिक काळजी घेणें जरूर झालें आहे.

अलीकडे कित्येक गृहस्थ जुनी शहाबादी फरशी उखडण्याचा त्रास व खर्च वांचावा म्हणून तिच्यावरच व्हिनाईलची चादर पसरतात. बाजारांत हिला कोणी ‘व्हिनाईल फ्लोअरिंग’ म्हणतात, तर कोणी ‘पी. व्ही. सी. कार्पेट’ म्हणतात. काम एका दिवसांत उरकतें, जमीन सुबक दिसते, व थंडीच्या दिवसांत पायांस दगडासारखी गार लागत नाहीं. हे फायदे खरे आहेत. परंतु पुष्कळांच्या घरीं हीच चादर पहिल्या पावसाळ्यांतच फुगून येते, तिच्याखालून दुर्गंधि सुटते, व अखेरीस ती उकिरड्यावर जाते. तेथें दोष बहुधा चादरीचा नसतो. ती ज्या तळावर व ज्या रीतीनें बसविली त्या तळाचा व त्या रीतीचा असतो. म्हणून या विषयाची सांगोपांग माहिती वाचक बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

वस्तूची ओळख:— व्हिनाईल ही वस्तु शेतकऱ्यास परकी नाहीं. विहिरीपासून शेतापर्यंत आपण जे पी. व्ही. सी.चे नळ पुरतों, त्याच द्रव्याची ही चादर असते. तें द्रव्य मूळचें कठीण असतें. अमेरिकेंतील बी. एफ. गुडरिच कंपनींतील रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन यांनीं १९२६ सालीं तें मऊ व लवचिक करण्याची युक्ति शोधून काढली. तेव्हांपासून त्याच्या चादरी निघूं लागण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यापूर्वीं युरोपांतील घरांतून लिनोलियम वापरीत असत. इंग्लंडांतील फ्रेडरिक वॉल्टन यांनीं १८६३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. लिनोलियम हें जवसाच्या तेलापासून, बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मिसळून, तागाच्या कापडावर थापून करतात. तागाला पाणी लागलें म्हणजे तो कुजतो. म्हणून न्हाणीघरास लिनोलियमपेक्षां व्हिनाईल बरें, असें ठरलें. व्हिनाईल स्वतः पाण्यानें कुजत नाहीं, व पाणी त्यांतून आरपारही जात नाहीं. हा त्याचा गुण आहे. आणि पुढें दिसून येईल कीं, अडचणही येथूनच उत्पन्न होते.

बाजारांत मिळणाऱ्या मालाचे ढोबळमानानें चार प्रकार करतां येतील. पहिला, वरपासून खालपर्यंत एकाच द्रव्याची एकजीव चादर. दुसरा, थरांची चादर. हिच्यांत खालीं मऊ फेंसाचा थर, त्यावर लांकडाचें किंवा दगडाचें छापील चित्र, व वर पातळ पारदर्शक थर असतो. तिसरा, ज्याच्या अंगांत कुरुंदासारखे कठीण बारीक दाणे मिसळलेले असतात असा, ओल्या जागेकरितां मुद्दाम केलेला खरबरीत प्रकार. चवथा, चौकोनी तुकड्यांचा किंवा एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्यांचा प्रकार. यांपैकीं शेवटचा प्रकार ‘जलरोधक’ म्हणून विकतात. त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. पट्टी स्वतः पाण्यानें फुगणार नाहीं एवढाच त्याचा अर्थ असतो. दोन पट्ट्यांमधील सांध्यांतून पाणी खालीं जाणार नाहीं, असा तो होत नाहीं. न्हाणीघरास सांधे जितके कमी तितकें बरें. म्हणून एकसंध चादरच घ्यावी, आणि जेथें पाणी पडणार तेथें ती तिसऱ्या प्रकारची असावी.

परदेशांतील न्हाणीघर व आपलें न्हाणीघर:— इंग्लंड-अमेरिकेंत ही चादर न्हाणीघरांत वर्षानुवर्षें टिकते, मग आपल्याकडे कां टिकूं नये, असा प्रश्न सहजच पुढें येतो. त्याचें उत्तर स्नानाच्या पद्धतींत आहे. तिकडील मनुष्य टबांत बसून किंवा कांचेच्या आडोशाआड उभें राहून स्नान करतो. सर्व पाणी टबांत पडून परस्पर नळावाटे निघून जातें, व बाहेरच्या जमिनीवर पडले तर चार थेंब पडतात. आपण पाटावर किंवा चौरंगावर बसतों, बादलींतून तांब्यानें पाणी घेऊन अंगावर ओततों, आणि तें सर्व जमिनीवरून वाहत मोरीकडे जातें. तिकडे जमीन ही टबाच्या बाहेरची वस्तु आहे. इकडे जमीन हाच टब आहे. शिवाय आपल्या न्हाणीघरांत कपडे धुतले जातात, भांडीं विसळलीं जातात, व लग्नमुंजींत एका सकाळीं पंचवीस माणसांचीं स्नानें होतात. तेव्हां तिकडील वस्तु घ्यावी, परंतु ती इकडील वहिवाटीस सोसेल अशा रीतीनें लावावी.

कोठें वापरावी व कोठें वापरूं नये:— वरील विवेचनावरून सोपा नियम असा निघतो. न्हाणीघर मोठें असल्यास त्याचे दोन भाग करावे. जेथें अंगावर पाणी घेतात व कपडे धुतात तो ओला भाग खरबरीत दगडी फरशीचाच ठेवावा, व त्याच्या कडेनें दोन-तीन इंच उंचीचा दगडी ओटा घालून पाणी अडवावें. उरलेला भाग, म्हणजे शौचाचें भांडें, हात धुण्याचें भांडें, व कपडे बदलण्याची जागा, हा कोरडा भाग समजून तेथें व्हिनाईल घालावें. बहुतेक शेतकरी घरांस हाच तोडगा सर्वांत कमी खर्चाचा व निर्धोक आहे. न्हाणीघर लहान असून सर्वच जमिनीवर पाणी पडत असेल, तर पुढें सांगितलेल्या चारही गोष्टी, म्हणजे कोरडा तळ, पुरता उतार, दाबकडीची मोरी व भिंतीवर चढविलेली कड, साधत असतील तरच चादर घालावी. यांपैकीं एकही गोष्ट साधत नसेल, तर शहाबादी फरशीच नव्यानें बसवून घ्यावी, हें उत्तम.

बंब किंवा चूल जेथें पेटते त्या जागीं व्हिनाईल मुळींच घालूं नये. निखारा पडतांच चादरीस भोंक पडतें किंवा डाग उमटतो. बंब दगडावर व चादरीपासून दूर ठेवावा.

तळाची परीक्षा:— चादरीखालील तळ कोरडा आहे किंवा नाहीं, ही या कामांतील पहिली व सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. आपल्या जुन्या घरांतून फरशी मुरुमावर किंवा मातीवर सरळ बसविलेली असते. पावसाळ्यांत जमिनींतील ओल वर चढते व फरशीच्या सांध्यांतून हवेंत उडून जाते. हें नित्य चालू असतें, पण आपल्या ध्यानांत येत नाहीं. त्यावर व्हिनाईल घातलें म्हणजे ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते. ती खालींच साचते. सिमेंटांतील क्षार तिच्यांत विरघळतात. त्या खारट ओलीनें डिंक सुटतो, चादर जागोजाग फुगते, व खालीं काळी बुरशी धरते.

आमच्या भागांतील एका ऊसबागाईतदार गृहस्थांच्या घरीं असेंच झालें. वैशाखांत जुन्या फरशीवर चादर घातली, तेव्हां तळ हाताला खडखडीत लागत होता. श्रावणांत मोरीजवळ फुगे आले व उंबऱ्यालगतची कड उचलली गेली. त्या कडेस पाय अडकून त्यांच्या वृद्ध मातोश्री पडल्या, व खुब्याचें हाड मोडून कित्येक महिने अंथरुणास खिळल्या. नंतर चादर काढून पाहतां डिंकाचा पांढरा चिखल झालेला आढळला. अशा पडण्यास किरकोळ समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें जगांत पडल्यामुळें दरसाल अजमासें ६,८४,००० माणसें मृत्यु पावतात, व त्यांत साठीवरील माणसांचा भरणा अधिक असतो.

परीक्षा करण्याची रीत अगदीं सोपी आहे. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब व दीड फूट रुंद असा तुकडा घ्यावा. जमीन पुसून व वाळवून त्यावर तो पसरावा, व चारी कडा चिकटपट्टीनें घट्ट बंद कराव्या. निदान सोळा तास, आणि साधल्यास एक दिवस व एक रात्र, तो तसाच राहूं द्यावा. नंतर उचलून पाहावें. आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले असतील, किंवा खालची जमीन भोंवतालच्या जमिनीपेक्षां काळसर दिसत असेल, तर तळ ओला आहे असें निश्चित समजावें. ही परीक्षा मोरीजवळ, मध्यें व बाहेरच्या भिंतीलगत अशी तीन ठिकाणीं घ्यावी. जमिनींतून चढणारी ओल ओळखावयाची असल्यास ती श्रावण-भाद्रपदांत घेणें अवश्य आहे. वैशाखांतील परीक्षेवर भिस्त ठेवणें म्हणजे उन्हाळ्यांत पाहून ओढा कोरडा आहे असें ठरविणें होय. पावसाळ्यांत परीक्षा घ्यावी व दिवाळीनंतर काम काढावें, हा क्रम शेतकऱ्याच्या सवडीसही सोयीचा पडतो.

ओला तळ कोरडा करण्याचा उपाय:— तळ ओला आढळल्यास वरून कोणताही रंग किंवा लेप लावून भागवूं नये. जुनी फरशी काढावी, खालची माती खोदून मुरूम व दगडगोटे भरून चांगले ठोकावे, त्यावर वाळूचा पातळ थर द्यावा, व वाळूवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. शेततळ्यांत आपण जो कागद घालतों त्याचेंच हें शास्त्र आहे. फरक इतकाच कीं, तेथें पाणी खालीं जाऊं नये म्हणून कागद घालतात, व येथें ओल वर येऊं नये म्हणून. या कामास शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या कागदाइतका जाड कागद लागतोच असें नाहीं. २५० मायक्रॉनचा पुरतो. सांध्यावर दोन कागद सहा इंच एकमेकांवर चढवावे, आणि चारी बाजूंनीं कागद भिंतीवर जमिनीच्या पातळीपर्यंत वळवावा. त्यावर तीन-चार इंच कॉंक्रीट व वर सिमेंटचा कोबा करावा.

कोबा झाल्यावर निदान सात दिवस त्यावर पाणी राखावें, आणि मग तो वाळूं द्यावा. येथें उतावीळ करूं नये. कोबा वाळण्याचें स्थूल मान दिवसास एक मिलिमीटर असें धरतात; म्हणजे दोन इंचांच्या कोब्यास सुमारें पन्नास दिवस लागतात, व दमट हवेंत याहून अधिक लागतात. वर दिसावयास पांढरा झाला म्हणजे आंतून वाळला असें होत नाहीं. गवंड्यास दुसऱ्या कामावर जाण्याची घाई असली, तरी घरधन्यानें पुन्हां प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा घेतल्याखेरीज पुढील काम सुरू करूं देऊं नये.

उतार व मोरी:— उतार पांच फुटांस एक इंच या मानानें मोरीकडे असावा. शेताच्या पाटास जसा मधेंच खड्डा पडला म्हणजे पाणी तेथें तुंबतें, तसेंच येथें होतें. म्हणून पाणसळ व सरळ लांकडी पट्टी लावून सर्व जमीन तपासावी. दोन मीटरच्या पट्टीखालीं तीन मिलिमीटरपेक्षां अधिक फट दिसूं नये. व्हिनाईल पातळ असल्यामुळें खालचा प्रत्येक खडा व प्रत्येक सांधा वर उमटतो. खळगे सिमेंटच्या बारीक मिश्रणानें भरावे, व उंचवटे घासून काढावे. शेवटीं चार तांबे पाणी ओतून तें कोठें रेंगाळतें तें पाहावें. त्यानंतर जमीन पुन्हां पुरती वाळूं द्यावी.

मोरीचें भोंक हें सर्व कामांतील अत्यंत नाजूक स्थळ होय. नळकाम करणारे कारागीर जमिनींतील ज्या भांड्यास ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात, त्यांत दोन इंच पाणी कायम राहून गटाराची घाण वर येऊं देत नाहीं. परंतु साध्या ट्रॅपच्या तोंडाशीं चादरीची कापलेली कड उघडी राहते व तिच्याखालून पाणी शिरतें. याकरितां ज्याला वरून स्क्रूनें आवळण्याची कडी असते असा ट्रॅप घ्यावा. चादर त्याच्या तोंडांत किंचित् खालीं वळवून कडीखालीं दाबली म्हणजे पाणी थेट भांड्यांत पडतें. असा ट्रॅप मिळत नसेल, तर मोरीवर चादर नेऊं नये, हेंच शहाणपणाचें.

मोजमाप व नमुना:— समजा, न्हाणीघर सहा फूट लांब व पांच फूट रुंद आहे. भिंतीवर चार इंच कड चढवावयाची, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून आठ इंच वाढले. कापछाटीसाठीं प्रत्येक बाजूस दोन इंच राखावे. तेव्हां चादर सात फूट लांब व सहा फूट रुंद, म्हणजे बेचाळीस चौरस फूट, लागेल. बाजारांत दोन मीटर, म्हणजे सुमारें साडेसहा फूट रुंदीची गुंडाळी मिळते. तींतून ही चादर एका तुकड्यांत निघते व सांधा पडत नाहीं. दुकानदार तीस चौरस फुटांचा हिशेब करून माल देऊं लागल्यास तो घेऊं नये. त्यांत कड चढविण्यापुरता माल नसतो.

कापण्यापूर्वीं कागदाचा नमुना करावा. जुनीं वर्तमानपत्रें एकमेकांस चिकटवून सर्व जमिनीवर पसरावीं, आणि शौचाच्या भांड्याचा, नळांचा व मोरीचा आकार त्यावर बिनचूक काढून घ्यावा. खोलीचे कोपरे काटकोनांत आहेत असें गृहीत धरूं नये. ज्याप्रमाणें मोजणीचा नकाशा झाल्यावांचून हद्दीचा दगड रोवीत नाहींत, त्याप्रमाणें नमुना पुरा झाल्यावांचून चादरीस सुरी लावूं नये. नमुना चादरीवर ठेवतांना दोहोंची वरची बाजू वरच आहे ना, तें पाहावें. उलट ठेवल्यास भोंक भलत्या बाजूस पडतें. शौचाचें भांडें काढतां येण्यासारखें असल्यास तें काढून चादर त्याखालून न्यावी. त्यामुळें एक मोठी कड वांचते.

चिकटविणें:— चादर आदल्या दिवशीं त्याच खोलींत उलगडून ठेवावी. गुंडाळीचा वांक निघून जातो व कापल्यावर ती आंखडत नाहीं. जमीन झाडून धूळ पुसून घ्यावी. मेण, तेल व जुन्या रंगाच्या खपल्या निःशेष काढाव्या. डिंक चादरीच्या कारखानदारानें सांगितलेलाच वापरावा. ओल्या भागास पाण्यांत कालवलेला साधा डिंक चालत नाहीं. दोन द्रव्यें एकत्र कालवून कठीण होणारा डिंक घ्यावा. शेतावरील नळ जोडण्याचें जें सोल्यूशन आपल्या घरीं असतें, तें येथें कदापि वापरूं नये. तें पी. व्ही. सी. विरघळवून नळ एकजीव करतें. पातळ चादरीवर लावल्यास चादरच विरघळून सुरकुतते.

डिंक दातेरी थापीनें सारखा पसरावा. अर्धी चादर दुमडून अर्ध्या भागाखालीं डिंक द्यावा, आणि तो भाग बसल्यावर दुसरा घ्यावा. मध्यापासून कडांकडे जड रुळानें दाबीत जावें, म्हणजे हवा बाहेर निघते. रूळ न मिळाल्यास गुळगुळीत लांकडी ठोकळ्यास कापड गुंडाळून नेटानें घासावें. काम चालू असतां दार-खिडकी उघडी ठेवावी. कित्येक डिंकांची वाफ पेट घेणारी असते. म्हणून जवळ विडी ओढूं नये व बंब पेटवूं नये. चोवीस तास त्यावर चालूं नये, व निदान दोन दिवस पाणी घालूं नये. घरांतील मंडळींनीं दोन दिवस दुसरीकडे स्नानाची सोय करावी. या दोन दिवसांची उतावीळ पुष्कळ कामांस भोंवली आहे.

मोठ्या न्हाणीघरांत सांधा टाळतां येत नसेल, तर तो पाणी पडण्याच्या जागेपासून दूर घ्यावा, आणि तापलेल्या हवेनें व्हिनाईलची दोरी वितळवून कारागिराकडून सांधून घ्यावा. वरून नुसता डिंक भरलेला सांधा ओल्या जागीं टिकत नाहीं.

कडा व कोपरे:— महसूल खात्यांतील नोकरींत प्रस्तुत लेखकानें हजारों प्रकरणें पाहिलीं. शेताचा तंटा बहुतकरून बांधावर सुरू होतो, शेताच्या मध्यावर क्वचितच. चादरीचेंही तसेंच आहे. मधल्या भागांतून पाणी खालीं जात नाहीं; तें कडेनेंच शिरतें. म्हणून चादर भिंतीपाशीं कापून थांबवूं नये. परातीची कड जशी वर वळलेली असते, तशी ती चार इंच भिंतीवर चढवावी. भिंत व जमीन जेथें मिळतात तेथें आधीं सिमेंटचा गोलसर भराव, म्हणजे गवंडी ज्याला ‘वाटा’ म्हणतात तो, सुमारें एक इंचाचा करून घ्यावा. काटकोनांत चादर घट्ट बसत नाहीं, खालीं पोकळी राहते, व पाय पडतांच ती फाटते. कोपऱ्यांत चादर गरम हवेनें मऊ करून वळवावी, व जेथें चीर द्यावी लागते तेथें ती वितळवून सांधावी.

भिंतीवरील फरशी चादरीच्या वरच्या कडेवर उतरली पाहिजे. कौलारू छपरावर वरचें कौल खालच्यावर चढवितात, तोच न्याय येथें लावावा. म्हणजे भिंतीवरून ओघळणारें पाणी चादरीच्या मागें न जातां पुढें येतें. कडेची फट सिलिकॉननें भरावी. दारापाशीं अर्धा ते एक इंच उंचीचा दगडी उंबरा ठेवून चादर त्यास भिडवावी, व वरून धातूची पट्टी मारावी. वर सांगितलेला अपघात या पट्टीच्या अभावीं झाला, हें ध्यानांत असूं द्यावें.

निसरडेपणा व निगा:— गुळगुळीत व्हिनाईल कोरडें असतां पायास धरतें, परंतु साबण किंवा तेल मिळतांच तें निसरडें होतें. दिवाळींतील अभ्यंगस्नानाच्या दिवशीं तेल व उटणें यांचा थर जमिनीवर बसतो. त्या दिवशीं प्रत्येक दोन-चार स्नानांनंतर कढत नव्हे अशा ऊन पाण्यानें व थोड्या साबणानें जमीन घासून स्वच्छ पाण्यानें धुवावी. ज्या घरांत वृद्ध माणसें आहेत तेथें खरबरीत प्रकारच घ्यावा, आणि भिंतीस धरावयास लोखंडी कडी पक्की बसवावी. पाय सरूं नये म्हणून रबरी पायपुसणें कायम टाकून ठेवण्याची चाल आहे. ती बरी नव्हे. रबरामुळें व्हिनाईलवर पिवळट-तपकिरी डाग पडतो व तो पुढें कशानेंही निघत नाहीं. हळदीचे व केसांच्या कलपाचे डागही तत्काळ धुवावे.

रॉकेल, पेट्रोल किंवा रंगाचें थिनर यांनीं चादर पुसूं नये. कपडे धोपटणें, लोखंडी पायांचें स्टूल सरकविणें व काथ्यानें वाळू घासणें हें सर्व दगडी भागावर करावें. येथें शहाबादी फरशीविषयींही एक सूचना करणें अवश्य वाटतें. ती चुनखडीचा दगड असल्यामुळें, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर काढण्यासाठीं अॅसिड ओतल्यास क्षारांबरोबर फरशीही खाल्ली जाते, व सांध्यांतील सिमेंट मोकळें होतें. ते थर रोजच्या रोज ताठ कुंच्यानें घासणें हाच खरा उपाय होय.

चादरीचे उरलेले तुकडे चुलींत, बंबांत किंवा उकिरड्यावर जाळूं नयेत. पी. व्ही. सी. जळतांना जो धूर निघतो त्यांत अॅसिडची वाफ असते. ती डोळे व छाती यांस अपाय करते.

खर्चाचा हिशेब:— दर गांवोगांव व महिन्यागणिक बदलत असल्यामुळें आंकडे देणें व्यर्थ आहे; परंतु कलमें सांगतां येतील. चादर, डिंक, तळ सारखा करण्याचें मिश्रण, वाट्याचें काम, दाबकडीचा ट्रॅप, सिलिकॉन, दाराची पट्टी व मजुरी अशीं आठ कलमें लिहून प्रत्येकापुढें रक्कम मांडावी. पुष्कळ जण पहिलें व शेवटचें कलम एवढ्यांचीच बेरीज करून व्हिनाईल स्वस्त आहे असें ठरवितात. आठही कलमें धरून शहाबादी फरशीच्या खर्चाशीं तुलना करावी. तळ नव्यानें करावा लागत असेल, तर दोहोंतील अंतर पुष्कळ कमी होतें. आणि फरशी एकदां नीट बसली म्हणजे पुढील पिढीही तिच्यावर स्नान करते.

तात्पर्य:— व्हिनाईल हें पाणी अडविणारें आच्छादन आहे. ओलीवरचें औषध नव्हे. ओल्या तळावर घातल्यास तें ओल झांकून ठेवतें, व झांकलेली ओल उघड्या ओलीपेक्षां अधिक नुकसान करते. म्हणून ज्या वाचकांच्या मनांत हें काम करावयाचें आहे त्यांनीं आधीं दुकानांत न जातां येत्या पावसाळ्यांत आपल्या न्हाणीघरांत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून पाहावा. तुकडा कोरडा निघाला, उतार पुरता असला, मोरी दाबकडीची मिळाली व कड भिंतीवर चढविणारा कारागीर सांपडला, तर चादर निःशंकपणें घालावी. ती पुष्कळ वर्षें सुख देईल. तसें नसेल तर कोरड्या भागापुरती ती घालून ओला भाग दगडाचाच ठेवावा, आणि वांचलेल्या पैशांतून वृद्धांसाठीं भिंतीस एक पक्की कडी बसवून घ्यावी.